चर्च रोज एक, जेवणानंतर

"चर्च रोज एक, जेवणानंतर. म्युझियम अर्धंच, आणि तेही सकाळी. एखादा डोस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायचे नाहीत. काय? आता तू म्हणून दाखव."

गेल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने लॅपटॉपवर मला इटलीचा बेत दाखवला. चार दिवसांची सहल, आणि त्यातल्या एकाच दिवशी पाच चर्चं, दोन म्युझियमं आणि एक मनोरा. मी म्हटलं, "अरे बाबा, ओव्हरडोस होईल!" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा काय दोष? मोहिलेकाकांना तो एकदाच भेटलाय, तोही आमच्या लग्नात. तिथे काका केटररला जिलबीचं वाटप समजावण्यात गुंतले होते. आता आम्ही ऑकलंडला, सँडरिंगहॅममध्ये राहतो. खाली उतरलं की जिलबी मिळते, पण मोहिलेकाका मिळत नाहीत. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

इथल्याच पोरिरुआ नावाच्या गावातल्या ज्या फार्मसीत मला पहिली नोकरी लागली, तिथे सुहास मोहिले हे सीनियर फार्मासिस्ट होते. बुटके, गोल, चष्मा दोरीला अडकवलेला. समोरचं गिऱ्हाईक शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, आलेलं असायचं आणि हे टाय लावून उभे. गिऱ्हाइकं त्यांना 'मो' म्हणायची. त्यांची एक सवय अख्ख्या पोरिरुआला ठाऊक होती. औषध हातात देण्याआधी ते समोरच्याकडून सगळं वदवून घ्यायचे. "नाऊ यू टेल मी." दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारे सामोअन आजोबा शाळेतल्या मुलासारखे उभे राहून म्हणायचे, "वन इन द मॉर्निंग, मो. विथ फूड. नॉट विथ बिअर." काका खूश होऊन म्हणायचे, "फस्क्लास!" हा एक मराठी शब्द आहे असा तिथल्या बऱ्याच लोकांचा समज झाला होता, आणि तो कुणी दूर केला नाही.

ही सवय दुकानापुरती असती तर ठीक. पण कुरियरवाला, बँकेच्या फोनवरची बाई, कुणी सुटत नसे. मी भारतात जायला निघाले की, "परत कधी येणार? म्हणून दाखव." मला भयंकर राग यायचा. मी काय बालवाडीत आहे का? एकदा चिडून मी उलटं विचारलं, "काका, तुमच्या शुगरच्या गोळ्यांचं काय? म्हणून दाखवा बघू!" तेव्हा त्यांच्या तोंडात माझ्याच डब्यातली बर्फी होती. त्यांनी ती शांतपणे संपवली आणि म्हणाले, "शिकवणाऱ्याची परीक्षा नसते, मेघे."

त्यांच्या बायकोचं नाव शैला. शैलाकाकूंच्या घरात सोफा होता, पण तो नावाला. पाहुणा सोफ्यावर बसायचा आणि चहा येईपर्यंत घसरत घसरत खाली कार्पेटवर यायचा, कारण काकू खाली असायच्या. मांडी घालून, समोर वर्तमानपत्र पसरून, मटार सोलत नाहीतर लाडू वळत. शनिवारी दुपारी आम्ही नर्सा, फार्मासिस्ट, आयटीवाल्या सगळ्या त्यांच्याभोवती जमायचो. हाताला काम आणि तोंडाला गप्पा. परक्या देशात आपलं काही आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या कार्पेटवर. खोटं कशाला सांगू, तिथे मी दोनदा रडलेही आहे. काकूंनी दोन्ही वेळा काही न विचारता माझ्यापुढे आणखी मटार ढकलले होते.

मग काकूंचा गुडघा गेला आणि नवा बसवला. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जन खूश, एक्स-रे तर काकांनी आम्हाला सत्यनारायणाच्या प्रसादासारखा दाखवला. पण काकू खुर्चीवर गेल्या त्या गेल्याच. पाय उंच केलेली ती खुर्ची, आणि तिच्यावर हायकोर्टाच्या जज्जासारख्या काकू. आम्ही खाली कार्पेटवर बसायचो आणि मान वर करून त्यांच्याशी बोलायचो. दोन-तीन शनिवारांत गप्पा आटल्या. मग शनिवारच बंद पडले. काकू घराच्या बाहेर लेटरबॉक्सपर्यंतसुद्धा जाईनात.

"दुखतं का खूप?" मी काकांना विचारलं.

आम्ही मागच्या खोलीत चहा पीत होतो. काका बराच वेळ टी-बॅग बुचकळत राहिले. मग म्हणाले, "दुखत नाही गं. घाबरली आहे. ऑपरेशननंतर बरी होत होती तेव्हा एकदा मी कामावर असताना किचनमध्ये खाली बसून बघायला गेली. बसली. पण उठता येईना. मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा फ्रीजला टेकून बसली होती. मला म्हणाली, काही नाही, गार वाटतं म्हणून बसले." त्यांनी टी-बॅग कपाबाहेर काढली. "तेव्हापासून जमिनीकडे बघतसुद्धा नाही. घर एवढं मोठं आहे मेघे, पण खालचा मजला रिकामा झाल्यासारखं वाटतं."

त्यांचं घर एकमजली होतं. पण मला समजलं.

केटलच्या वर भिंतीला एक कॅलेंडर होतं. आमची एक इटालियन गिऱ्हाईक होती, रोझाबाई. ती दरवर्षी न चुकता आणून द्यायची. त्यात एका महिन्याला सिएना नावाच्या गावाचा फोटो होता. डोंगरावरचं जुनं गाव, मध्ये एक भलामोठा चौक, विटांचा, परातीसारखा खोलगट उतरत गेलेला. आणि त्या चौकात माणसं चक्क जमिनीवर बसलेली. बाक नाही, खुर्ची नाही. कुणी पाय पसरून, कुणी मांडी घालून, एक तर आडवा झालेला. काका चहाचा कप हातात धरून त्या फोटोपुढे थबकले. महिना संपायला अवकाश होता, तरी त्यांनी कॅलेंडर काढलं आणि बगलेत मारून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "काम झालं. शैला म्हणाली, अगंबाई, हे लोक खाली बसतात!"

"मग?"

"मग काय? रात्रभर कॅलेंडर तिच्याच खुर्चीपाशी होतं. आम्ही सिएनाला चाललो."

त्यांची लेक केतकी लंडनला असते. तिच्याकडे तसंही जायचंच होतं. त्याला जोडून तीन दिवस सिएना, असा बेत ठरला. म्हणजे काकांनी ठरवला. काकूंनी जज्जाच्या खुर्चीतून निकाल दिला, "तुम्ही जाऊन या. मी केतकीकडे थांबते." काकांनी तो ऐकला नाही. दुसऱ्याचं ऐकणं हा तसाही त्यांचा प्रांत नव्हता.

पुढचे कित्येक महिने फार्मसीत इटली शिजत होती. इतर लोक सहलीचा बेत आखतात, काकांनी प्रिस्क्रिप्शन लिहिलं. पट्ट्यापट्ट्यांचं ते मोठं चर्च: रोज एक, जेवणानंतर. चित्रांचं म्युझियम: अर्धं. उंच मनोरा: लहान मुलांच्या आणि मोहिल्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. आईस्क्रीम: गरज पडेल तसं. "आणि चौक," ते बोट वर करून म्हणायचे, "चौक हे मुख्य औषध. बाकी सगळ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. घेतल्या तर घेतल्या." सिएनातली झाडून सगळी सार्वजनिक शौचालयं त्यांना तोंडपाठ होती. मलाही होती, कारण मला म्हणून दाखवावी लागायची.

इटलीत लोक काउंटरपाशी उभ्यानेच कॉफी पितात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. लगेच तालीम! शेजारच्या कॅफेत ऐन सकाळच्या गर्दीत हे काउंटरला कोपर टेकवून उभे, हातात फ्लॅट व्हाइट. मागे रांग दरवाज्याबाहेर गेली. कॅफेवाली बिचारी म्हणाली, "मो, टेबल रिकामं आहे की." तर म्हणतात, "नो नो, आय ॲम इन सिएना." ती कप पुसता पुसता म्हणाली, "देन कॅन यू बी इन सिएना अ बिट टू द लेफ्ट?" ते निमूटपणे डावीकडे सरकले.

पण खरी तालीम काकूंची. त्यासाठी काकांनी गाठली सिना. सिना ही काकूंची फिजिओ, पोरिरुआचीच, खणखणीत आवाजाची. तिने काकूंना सांगितलं, बसण्यात काही धोका नाही, उठण्याची एक रीत आहे तेवढी शिक. काकूंनी त्या रीतीचं मराठी केलं: कुशीवर वळायचं, हात टेकायचे, चांगला पाय रोवायचा, उठायचं. आधी पलंगावर, मग गादीवर. काकू करायच्या, पण तोंड पाडून. जमीन म्हटलं की, "आज नको."

मग काकांनी शोध लावला की तो चौक उतरता आहे, म्हणजे सपाटीपेक्षा तिथून उठणं सोपं. झालं! आता पोरिरुआत उतार शोधायचा. इथे उतारांना काय तोटा? खाडीच्या कडेला एक हिरवळीचा उतार त्यांनी पसंत केला आणि एका रविवारी काकूंना गाडीत घालून नेलं. मला आणि सिनाला बोलावलं होतं. सिना म्हणाली, मी लांब उभी राहते, जवळ राहिले तर ती माझाच हात धरेल. वारा असा की काकूंचा पदर त्यांच्याआधी इटलीला जाईल. काका बाकावर बसून सूचना देत होते. त्यांचं आयुष्यच बाकावर बसून सूचना देण्यात गेलं.

काकू बसल्या. डोळे घट्ट मिटून, माझा हात चुरगाळत, पण बसल्या. मग काकांनी मला फर्मावलं, "आता तू लांब हो." मी झाले. काकू एकट्या हिरवळीवर, पाय पसरलेले, चेहरा पांढरा. त्यांना किचन आठवत होतं, हे मला लांबूनही कळत होतं. कशाला हा छळ, असं वाटून मी काकांवर ओरडणार, एवढ्यात रग्बी खेळून परतणारी तीन तगडी मुलं धावत आली.

"यू ऑल राइट, आंटी?" असं म्हणून दोघांनी काकूंना दोन बाजूंनी धरलं आणि फुलासारखं उचलून उभं केलं.

काका बाकावरून किंचाळले, "नो हेल्प! प्लीज! शी इज प्रॅक्टिसिंग! फॉर इटली!"

मुलं गोंधळली. एकमेकांकडे बघितलं. मग त्यातला सगळ्यात आडदांड मान डोलावत म्हणाला, "ओह, स्वीट ॲज, अंकल," आणि त्यांनी काकूंना अलगद होत्या तिथे परत खाली ठेवलं.

आणि काकू हसायला लागल्या. असं हसणं मी त्यांचं महिनोन्महिने ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, पोट धरून, हिरवळीवर जवळजवळ लोळत. मुलंही हसायला लागली. आणि त्या हसण्यातच काकू कुशीवर वळल्या, हात टेकले, पाय रोवला. एकदा घसरल्या. दुसऱ्यांदा उठल्या. मुलांनी मॅच जिंकल्यासारखा जल्लोष केला, सिना तर शिट्टी वाजवत होती. काका बाकावर नुसतेच बसून राहिले होते, चष्मा काढून. "वाऱ्याने डोळ्यांत गेलं काहीतरी," म्हणाले. गेलं असेल.

त्यानंतर काकू लेटरबॉक्सच काय, डेअरीपर्यंत दूध आणायला जाऊ लागल्या. रस्त्यात ती मुलं भेटली की नमस्कार म्हणून ओरडायची, "किया ओरा, इटली आंटी!" पण सिएनाचं नाव काढलं की अजूनही, "बघू. हिरवळ वेगळी, वीट वेगळी. तिथे अडकले तर?" काकांचा जीव तिथे टांगणीला लागलेला. तिकिटं काढली होती, हॉटेल ठरलं होतं, आणि बाई हो म्हणत नव्हती.

अशात एक दिवस दुपारी फार्मसीत फोन वाजला. "मेघना, त्यांना दे," काकूंचा आवाज. मी फोन काकांच्या कानाला लावला, पण त्याची गरज नव्हती. अख्ख्या दुकानाला ऐकू येत होतं.

"अहो, काय माणूस आहात का कोण! जुलैची तारीख घेतलीत! त्या दिवसांत तिथे घोड्यांची शर्यत असते, चौकातच! सगळ्या चौकात माती टाकतात! मी आत्ता व्हिडिओ बघितला. वीट दिसत नाही वीट! कठडे घालतात चहूकडे. मग मी बसायचं कुठे?"

चर्चच्या वेळा, शौचालयं, सूर्योदय, सगळं तोंडपाठ असलेल्या या माणसाने गावातली सगळ्यात मोठी गोष्टच बघितली नव्हती. हॉटेलं भरलेली दिसली तेव्हा आम्हाला काय म्हणाले होते? "गर्दी आहे, म्हणजे जागा चांगली आहे." धन्य!

"ऐकताय ना? मी बसायचं कुठे?"

"हो, हो. बदलतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता डोकं धरून बसणार. तर हे काउंटरमागे दोन्ही हात वर करून स्वतःभोवती एक गिरकी घेतात! टायसकट! औषधाला आलेल्या एका आजीबाई दचकून मागे सरल्या.

"ऐकलंस मेघे? मी बसायचं कुठे म्हणाली! भांडली माझ्याशी! जागेसाठी भांडली!"

तारखा बदलताना एअरलाइनच्या बाईकडून त्यांनी सगळं तीनदा म्हणून घेतलं. सप्टेंबर ठरला. निघण्याच्या आदल्या शनिवारी काकूंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. खुर्ची कोपऱ्यात गेली होती आणि तिच्यावर घडी केलेले कपडे होते. काकू कार्पेटवर, पाय पसरून, प्रवासासाठी भाजणीच्या पुड्या बांधत होत्या. मांडी अजून जमत नव्हती. मी आत शिरले तर मान वर न करता म्हणाल्या, "बस. ते मेतकूट भर." मी बसले. आणि मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, की मेतकूट अर्धं बाहेर सांडलं.

नंतर काही दिवसांनी, संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत असताना व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ होती. पडद्यावर आधी काकूंची हनुवटी, मग नुसतं नाक, मग एकदाचा चौक. तोच. कॅलेंडरातला. लालसर विटा, कोवळं ऊन, कबुतरं. आणि मधोमध दोघं जमिनीवर, काकूंच्या पायांत पांढरे बूट.

"बसले गं मेघना!" काकू म्हणाल्या. "कालपासून तिसऱ्यांदा. चर्च अजून एकही बघितलं नाही. आता बघ हं, उठून दाखवते."

त्या कुशीवर वळल्या, हात टेकले, पाय रोवला आणि उठल्या. फोन हातातच होता, त्यामुळे मला सगळं सिएना एकदा उलटं होऊन सुलटं झालेलं दिसलं. मी इकडे गॅसपाशी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

"फस्क्लास!" खालून काकांचा आवाज आला. "चल, आता मी..."

आणि मग काहीच झालं नाही. काकूंनी फोन त्यांच्याकडे वळवला. काका विटांवर बसलेले. पुढे झुकले, परत मागे आले. एक हात टेकला, दुसरा टेकला, हुश्श करून पुन्हा बसले. टाय लावलेला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या महिन्यांत हा गृहस्थ एकदासुद्धा खाली बसला नव्हता. सगळी तालीम बाकावरून!

पाठीवर सॅक लावलेली दोन मुलं मदतीला धावत आली. काकूंनी हात आडवा घातला. "नो हेल्प! प्लीज! ही इज प्रॅक्टिसिंग!"

"फॉर व्हॉट?" त्यातल्या एकाने विचारलं.

काकूंनी क्षणभर विचार केला. "फॉर पोरिरुआ!"

मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, सिना काय म्हणाली होती? म्हणून दाखवा बघू."

काका निमूटपणे म्हणू लागले, "कुशीवर वळायचं. हात टेकायचे. पाय रोवायचा."

"आणि मग?"

"मग उठायचं."

"मग उठा की!"

काका उठले नाहीत. त्यांनी वर काकूंकडे बघितलं. चेहरा उन्हाने आणि हसण्याने लाल झाला होता, दोरीचा चष्मा छातीवर लोंबत होता. शेजारची वीट हाताने झटकून ते म्हणाले, "उठू गं. घाई काय आहे? तूच बस ना परत."

आणि शैलाकाकू परत खाली बसल्या. नवऱ्याच्या शेजारी, एक हात टेकवून, डोळे उघडे ठेवून. फोन विटांवर ठेवला गेला असावा, कारण त्यानंतर मला नुसतं निळं आभाळ दिसत होतं, आणि त्या आभाळाखाली दोघं हसत होते ते ऐकू येत होतं. इकडे माझी आमटी करपली. करपू दे म्हटलं.